नऊपैकी सात डिस्क वाया गेल्याच नव्हत्या

काकांनी टेबलावर नऊ डीव्हीडी ओळीने मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर मार्करने क्रमांक, त्याखाली राइट करतानाचा वेग आणि मोठी फुली. "सगळ्या गेल्या बघ," ते म्हणाले. "एकतर डिस्कचा हा लॉट खराब आहे, नाहीतर लिनक्सला हे काम जमत नाही."

काम मनापासून केलेलं होतं. आजोबांची पत्रं, वह्या आणि जुने फोटो काकांनी कित्येक महिने बसून स्कॅन केले होते. हार्ड डिस्कवर एक प्रत होती, पण त्यांना एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरवरही प्रती हव्या होत्या, कारण तिथली फाइल कोणाच्या हातून चुकून पुसली जात नाही. मला हा विचार पटतो. त्यामुळे "आता डिस्क कोण वापरतं" असं सांगून त्यांना परत पाठवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

साहित्य साधंच होतं. लॅपटॉपला स्वतःचा डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा सडपातळ डीव्हीडी रायटर. तो एका छोट्या हबला लावलेला, त्याच हबला माउस आणि कीबोर्ड. राइट करायला खिडक्या-बटणांचा एक प्रोग्राम, जो आतून ग्रोआयसोएफएस हा डीव्हीडी राइट करणारा टर्मिनलचा प्रोग्राम चालवतो. इमेज फाइल, म्हणजे डिस्कवर जायचं ते सगळं एकत्र बांधलेली फाइल, ४,३१,१७,५६,८०० बाइटची. डीव्हीडी-आरवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, म्हणजे जागेची अडचण नव्हती. इमेजचा चेकसम, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटवरून काढलेला ओळख-आकडा, मी दोनदा काढला, दोन्ही वेळा तोच आला. मूळ फाइल आणि ती वाचणारी हार्ड डिस्क यांच्यावरचा संशय तिथेच संपला.

मग काकांना विचारलं, "प्रत्येक डिस्कच्या वेळी नेमकं काय झालं, आठवतंय का?" त्यांना आठवायची गरजच नव्हती, वहीत सगळं टिपलेलं होतं. १ आणि २ या डिस्क ८ एक्स वेगाला (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठपट), सुरू होता होताच बंद पडल्या. ३, ४, ६ आणि ७ या ४ एक्सला पूर्ण झाल्या, पण "तपासणीत नापास". ५ सुरूच झाली नाही, "डिव्हाइस बिझी" असा संदेश आला. ८ आणि ९ मध्येच तुटल्या, ८ ही ८ एक्सला आणि ९ ही ४ एक्सला.

या वहीनेच अर्धं काम केलं. "डिस्क राइट होत नाही" ही एक तक्रार म्हणून पाहिली की माणूस एकच कारण शोधत बसतो. इथे मात्र चार वेगवेगळ्या घटना एकाच फुलीखाली आल्या होत्या.

आधी करून झालेले उपाय

काकांनी बरंच वाचलं होतं, पण त्यातलं पुष्कळसं जुन्या काळचं होतं. एका ठिकाणी आयडीई-स्कझी नावाचं मॉड्यूल चढवून डिव्हाइसचा पत्ता शून्य-शून्य-शून्य असा द्यायला सांगितलं होतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, २.४ आवृत्तीचा होता तेव्हा ते आवश्यक होतं. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आला आणि त्याची गरज संपली. आज ड्राइव्ह /डेव्ह/एसआर० या नावाने दिसतो आणि तेच नाव प्रोग्रामला द्यायचं असतं. दुसऱ्या एका लेखात सीडीरेकॉर्ड हा राइट करण्याचा जुना प्रोग्राम वापरायचा सल्ला होता. काकांच्या लॅपटॉपवर ती आज्ञा दिली की प्रत्यक्षात चालत होता वोडिम. २००६ मध्ये सॉफ्टवेअर-परवान्याच्या वादातून डेबियनने सीडीरेकॉर्डची वेगळी शाखा काढली, तिचं हे नाव, आणि अनेक ठिकाणी जुनं नाव नुसतं त्याच्याकडे वळवलेलं असतं. डीव्हीडीसाठी ग्रोआयसोएफएस किंवा झोरिसो हा तसाच दुसरा प्रोग्राम घ्यावा, असं माझं मत आहे.

परवानगीचा प्रश्नही काकांनी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाचे अधिकार घेऊन, "सोडवला" होता. तो प्रश्न मुळात नव्हताच. /डेव्ह/एसआर० ची सविस्तर यादी काढली तर गटाचं नाव सीडीरॉम दिसत होतं आणि परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह होतं. त्या चिन्हाचा अर्थ, फाइलवर वेगळी परवानगी-यादी आहे. इथे ती लॉगिन केलेल्या माणसाला ड्राइव्ह वापरू देण्यासाठी होती. परवानगी नसती तर डिस्क ३ आणि ४ शेवटपर्यंत गेल्याच नसत्या.

डिस्क ५ चा उलगडा सर्वांत सोपा. खिडकीतला प्रोग्राम उघडा ठेवून काकांनी टर्मिनलवरून दुसऱ्यांदा राइट सुरू केलं होतं. राइट करणारे प्रोग्राम ड्राइव्ह फक्त स्वतःसाठी मागतात, आणि तो आधीच कोणाच्या हातात असेल तर कर्नल नकार देतो. फ्यूझर -व्ही /डेव्ह/एसआर० ही आज्ञा दिली की ड्राइव्ह कोणी धरून ठेवलाय ते नावासकट कळतं.

चार "नापास" डिस्क

मला सर्वांत जास्त टोचत होत्या त्या ३, ४, ६ आणि ७. राइट पूर्ण झालं, एकही चूक दाखवली नाही, तरी चारही नापास. "काका, तपासलं कसं?"

"इमेजचा एमडीफाइव्ह चेकसम काढला, मग डिस्कचा काढला. दोन्ही जुळायला हवेत ना? जुळले नाहीत."

"डिस्कचा म्हणजे थेट /डेव्ह/एसआर० चा?"

"हो."

मी डिस्क ३ आत घातली आणि ब्लॉकडेव्ह या आज्ञेला /डेव्ह/एसआर० ची लांबी विचारली. उत्तर आलं ४,३१,१७,७७,२८०. इमेज होती ४,३१,१७,५६,८०० ची. फरक २०,४८० बाइटचा, म्हणजे २,०४८ बाइटचे बरोबर १० सेक्टर (डिस्कवरचे कप्पे). आकडा इतका स्वच्छ असेल तर तो बिघाडातून आलेला नसतो, त्यामागे काहीतरी नियम असतो.

नियम असा. डीव्हीडीवर चूकदुरुस्तीची माहिती १६ सेक्टरच्या गठ्ठ्याला मिळून लिहिली जाते, म्हणजे एकेक गठ्ठा ३२,७६८ बाइटचा. अर्धा गठ्ठा लिहिता येत नाही. काकांची इमेज २१,०५,३५० सेक्टरची. १६ ने भागलं की ६ उरतात. शेवटच्या गठ्ठ्यात खरी माहिती ६ सेक्टरची आणि उरलेले १० सेक्टर शून्यांनी भरलेले. एमडीफाइव्ह काढताना डिव्हाइस शेवटपर्यंत वाचलं जातं, म्हणजे ही शून्यंही हिशेबात येतात. एक बाइट वाढला तरी चेकसम पूर्ण बदलतो, इथे तर वीस हजारांवर वाढले होते. काका दोन वेगळ्या लांबीच्या गोष्टींची तुलना करत होते. इमेजची लांबी १६ सेक्टरच्या पटीत नसली की या पद्धतीने निर्दोष डिस्कही नापास ठरते.

बरोबर तपासणीचे दोन मार्ग आहेत. पहिला, हेड -सी या आज्ञेला इमेजची बाइटमधली लांबी द्यायची, डिस्कवरून तेवढेच बाइट वाचायचे आणि त्यांचा चेकसम काढायचा. दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्यात आकडा टाइप करताना चुकायची भीती नाही: सीएमपी चित्रे.आयएसओ /डेव्ह/एसआर०. ही आज्ञा दोन्हीकडचा एकेक बाइट ताडून पाहते. पहिला फरक दिसला की त्याचा क्रमांक सांगून थांबते.

त्याआधी एक गोष्ट मी आवर्जून करते: डिस्क बाहेर काढून पुन्हा आत घालते. राइट झाल्यावर लगेच वाचायला गेलं तर कर्नलकडे डिस्कची जुनीच लांबी असू शकते. ग्रोआयसोएफएस शेवटी ट्रे स्वतःहून आतबाहेर करू पाहतो, पण सडपातळ ड्राइव्हच्या ट्रेला आत ओढणारी मोटर नसते. ट्रे बाहेर येतो आणि तसाच राहतो, तो हाताने ढकलावा लागतो.

डिस्क ३ वर सीएमपी चालू केलं आणि आम्ही दोघं ड्राइव्हचा आवाज ऐकत बसलो. बऱ्याच वेळाने ओळ आली: चित्रे.आयएसओ या फाइलचा ४,३१,१७,५६,८०० व्या बाइटनंतर शेवट झाला. काकांचा चेहरा उतरला. "परत एरर."

"नाही काका, नीट वाचा. फाइल संपली आणि डिस्कवर अजून काहीतरी शिल्लक आहे, एवढंच ते म्हणतंय. फाइल संपेपर्यंत एकाही बाइटचा फरक सापडलेला नाही."

त्यांनी तो आकडा वहीतल्या इमेजच्या आकड्याशी बोटाने एकेक अंक जुळवत ताडून पाहिला. मग काही न बोलता डिस्क ४ उचलून माझ्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत चारही झाल्या. चारही बिनचूक होत्या.

याच जातीचा एक प्रकार सीडीच्या बाबतीतही होतो, तो इथेच सांगते. सीडी एकेका ट्रॅकने, म्हणजे टीएओ पद्धतीने, राइट केली की ट्रॅकच्या शेवटी दोन सेक्टर असे राहतात की ते डेटा म्हणून वाचताच येत नाहीत. कर्नल पुढचं वाचून ठेवायच्या सवयीने त्यांच्यावर जाऊन आदळतो आणि "इनपुट-आउटपुट एरर" दाखवतो. चांगली सीडी खराब वाटते. संपूर्ण डिस्क एका दमात लिहिण्याची एसएओ पद्धत निवडली, किंवा इमेजच्या शेवटी १५० सेक्टरचं रिकामं भरण ठेवलं, तर हा त्रास होत नाही.

कर्नलची नोंद

राहिल्या १, २, ८ आणि ९. या खरोखरच अर्ध्यावर थांबल्या होत्या. राइट करणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत चौघींसाठी जवळपास सारखंच वाक्य होतं: राइट करताना चूक, माध्यम तपासा. पण त्याच प्रोग्रामच्या तपशिलाच्या पानावर ड्राइव्हने स्वतः दिलेले कोड असतात, आणि तिथे चित्र वेगळं होतं.

डिस्क १ आणि २ वर: एसके=३एच, एएससी=७३एच, एएससीक्यू=०३एच. पहिला आकडा चुकीची जात सांगतो, ३ म्हणजे माध्यमाची चूक. पुढची जोडी ७३/०३ म्हणजे पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर. राइट सुरू करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव जागेत लेझर वेगवेगळ्या ताकदीने चालवून पाहतो आणि या डिस्कला किती ताकद लागेल ते ठरवतो. ही चाचणीच फसली होती. अशा वेळी सगळे डिस्कला दोष देतात, आणि कोड तर "माध्यम" असंच म्हणतो. पण लेझरला पुरेशी वीज मिळाली नाही तरी ही चाचणी फसते, आणि ड्राइव्हला तेव्हाही हेच म्हणता येतं.

डिस्क ८ आणि ९ चा कोड मला थेट उत्तराकडे घेऊन गेला. एसके=६एच, एएससी=२९एच, एएससीक्यू=००एच. ६ म्हणजे "लक्ष द्या, स्थिती बदलली", आणि २९/०० म्हणजे ड्राइव्ह नुकताच चालू झालाय किंवा रीसेट झालाय. राइट चालू असताना मध्येच ड्राइव्ह सांगतोय की मी आत्ताच उठलोय! डिस्क कितीही खराब असली तरी तिच्यामुळे असा कोड सहसा येत नाही.

कर्नलच्या नोंदी पाहायच्या होत्या, पण लॅपटॉप मधल्या काळात बंद-चालू झाला होता, त्यामुळे डीमेसेजमध्ये, म्हणजे चालू वेळच्या नोंदींत, काही उरलं नव्हतं. जर्नलसीटीएल -के ला -बी -१ जोडलं की मागच्या वेळच्या नोंदी मिळतात, जर त्या जपून ठेवायची व्यवस्था असेल तर. इथे होती. डिस्क ८ आणि ९ च्या वेळेला बरोबर ओळ सापडली: यूएसबी १-१.३, हाय-स्पीड डिव्हाइस रीसेट. त्या १-१.३ मधला टिंब लहानसा दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे. टिंब असलं की डिव्हाइस हबमधून आलेलं असतं: पहिल्या पोर्टवर हब आणि हबच्या तिसऱ्या पोर्टवर ड्राइव्ह.

मी ड्राइव्ह उलटा केला. खालच्या चिकटपट्टीवर छापलं होतं: ५ व्होल्ट, १.५ अँपिअर. यूएसबी २.० च्या पोर्टने द्यायचे असतात ०.५ अँपिअर, यूएसबी ३.० च्या पोर्टने ०.९. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब लॅपटॉपच्या एकाच पोर्टवरची वीज सगळ्यांत वाटतो, आणि नियमाप्रमाणे त्याच्या प्रत्येक पोर्टचा वाटा फक्त ०.१ अँपिअरचा. प्रत्यक्षात बहुतेक हब असं मोजूनमापून देत नाहीत, म्हणूनच ड्राइव्ह चालत होता. वाचताना तर काहीच अडत नव्हतं. राइट करताना मात्र मोटर आणि लेझर दोघांचीही मागणी वाढते.

"काका, या ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल आली होती का?"

होती. खोक्यातच होती. एक तोंड डेटा आणि विजेचं, दुसरं फक्त विजेचं. "दोन जागा कशाला अडवायच्या म्हणून साधी केबल लावली," ते म्हणाले. ती साधी केबल लांब आणि बारीकही होती, म्हणजे वाटेत व्होल्टेज आणखी पडत असणार.

मग मी विचारलं, "९ राइट होत असताना हबला आणखी काही लावलं होतं?" त्यांनी थोडा विचार केला. "फोन. चार्जिंगला लावला होता." वहीत त्याची नोंद नव्हती, कारण फोनचा आणि डिस्कचा काही संबंध असेल असं कोणाला वाटणार? पण ४ एक्सला आधीच्या चार डिस्क सुखरूप गेल्या आणि पाचवी मध्येच तुटली, याचं दुसरं कारण मला सापडत नाही.

आता वेगाचंही कोडं सुटलं. वेग कमी केला की डिस्क पूर्ण होतात, यावरून काकांनी डिस्क हलक्या प्रतीच्या आहेत असा अर्थ काढला होता. निरीक्षण अचूक होतं. पण कमी वेगात मोटर आणि लेझर दोघांनाही कमी वीज लागते, म्हणून त्या पूर्ण होत होत्या. डिस्क ८ चाचणी पार करूनही नंतर तुटली, तेही याला धरून आहे. ८ एक्सला ड्राइव्ह आतल्या बाजूला कमी वेगाने सुरुवात करतो आणि बाहेरच्या बाजूला जाता जाता वेग चढवतो, आणि वेगाबरोबर विजेची भूकही वाढते.

एकच गोष्ट बदलून पाहिली

डिस्क ८ आणि ९ बद्दल पुरावा पक्का होता. १ आणि २ बद्दल नव्हता. त्यांच्या वेळेला कर्नलमध्ये रीसेटची नोंद नव्हती, आणि ७३/०३ खराब डिस्कमुळेही येऊ शकतो. इथे अंदाजावर थांबणं मला बरोबर वाटलं नाही.

डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम डिस्कची अवस्था सांगतो. डिस्क १ घालून विचारलं तर उत्तर आलं: डिस्क स्टेटस, ब्लँक. चाचणी राखीव जागेत झाली होती, मुख्य जागेला लेझर लागलाच नव्हता. डिस्क २ सुद्धा कोरी, आणि ५ तर साहजिकच कोरी.

म्हणजे प्रयोग करायला हवी तशी डिस्क हातात होती. तीच डिस्क १, तीच इमेज, तोच ८ एक्स वेग, तोच लॅपटॉप. बदल फक्त विजेच्या वाटेत: हब काढला आणि दोन तोंडांची आखूड केबल लॅपटॉपच्या स्वतःच्या दोन पोर्टना लावली. केबल बदलायच्या आणि वेगही कमी करायचा, असा मोह मला झाला होता. पण दोन्ही एकदम केलं असतं तर यश आलं तरी ते कशामुळे आलं ते कळलं नसतं.

आज्ञा टर्मिनलवरच दिली, कोड समोर दिसावेत म्हणून: ग्रोआयसोएफएस -डीव्हीडी-कॉम्पॅट -स्पीड=८ -झेड /डेव्ह/एसआर०=चित्रे.आयएसओ. यातला झेड मोठ्या लिपीतला, तो नव्याने सुरुवात करण्यासाठी. बाजूच्या खिडकीत कर्नलच्या नोंदी सरकत्या ठेवल्या. काका उभेच होते. चाचणी पार झाली, टक्केवारी चढायला लागली, आणि नोंदींच्या खिडकीत शेवटपर्यंत एकही नवी ओळ आली नाही. ट्रे बाहेर आला. काकांनी तो स्वतः आत ढकलला, सीएमपी स्वतः टाइप केलं, आणि फाइल संपल्याची ओळ आल्यावर आकडा मोठ्याने वाचला.

डिस्क २ आम्ही ४ एक्सला राइट केली. ८ एक्सही जमतो हे सिद्ध झालं होतं, पण जपून ठेवायच्या प्रतीसाठी मी मधला वेग पसंत करते, आणि ४ एक्सला ही इमेज सुमारे १३ मिनिटांत होते. त्याहून खाली मात्र जाऊ नये. "जितका हळू तितका चांगला" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ड्राइव्ह प्रत्येक जातीच्या डिस्कसाठी राइट करण्याची ठरावीक रीत पाळतो, आणि जास्त वेगासाठी बनवलेली डिस्क फार कमी वेगाला उलट बिघडूही शकते.

पुढच्या संचाची इमेज झोरिसोने बनवायची आणि त्यात -एमडीफाइव्ह चालू ठेवायचं, असं ठरलं. मग प्रत्येक फाइलचा चेकसम डिस्कवरच राहतो, आणि काही वर्षांनी मूळ इमेज जवळ नसली तरी डिस्क स्वतःच्याच आधाराने तपासता येते.

८ आणि ९ गेल्याच. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर अर्धवट लिहिलेलं मागे घेता येत नाही. काकांनी त्या टाकल्या मात्र नाहीत. एका पाकिटात घालून वर कोड लिहिला, ६/२९/००, आणि ९ च्या पुढे "हबला फोन". डिस्क ५ वेगळी ठेवली, दुसऱ्या संचासाठी. बाकीच्या सहांवरच्या फुल्यांशेजारी त्यांनी तारीख आणि इमेजची लांबी पूर्ण आकड्यांत लिहिली, आणि हब उचलून कीबोर्डच्या बाजूला नेऊन ठेवला.